जुन्या गाडीचा रंग : टवका, गंज आणि थोडी सबुरी

नगरच्या जुन्या पेठांत आजही अशी घरे आहेत की ज्यांच्या दाराशी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली मोटार उभी असते आणि जिन्याखालच्या अंधारात एखादी लूना भिंतीला टेकलेली असते. मोटार रोज चालतेच असे नाही. लूना तर कित्येक महिने जागची हलतही नसेल. तरीही दोहोंपैकी एकही विकण्याचा विषय घरात निघाला की वडीलधारी माणसे गप्प होतात. त्या मोटारीतून मुलीची पाठवणी झालेली असते, आजोबांना दवाखान्यात नेलेले असते, दुकानाचा पहिला मोठा माल त्या लूनाच्या मागच्या सांगाड्यावरून आलेला असतो. अशा गाडीवरचे आच्छादन एखाद्या सकाळी काढावे आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसावेत, म्हणजे घरात तीन मते तयार होतात. एक म्हणतो, काढून टाका. दुसरा म्हणतो, सगळी गाडी नव्याने रंगवून घ्या. तिसरा म्हणतो, जुनी गाडी आहे, ठिपके पडायचेच; राहू द्या. या तिन्हींहून वेगळा आणि बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचा एक मार्ग आहे. तो म्हणजे त्या ठिपक्यांची वेळीच, घरच्या घरी, हाताने दुरुस्ती करणे. त्याला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र लागतो.

वाहनांशी नगरचे नाते इतर कित्येक शहरांपेक्षा जवळचे आहे. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले कुंदनमल फिरोदिया याच गावचे वकील. त्यांचे पुत्र नवलमल यांनी टेम्पोच्या उद्योगात आणि हस्तीमल यांनी कायनेटिकच्या रूपाने देशाच्या वाहन उद्योगात ठसा उमटविला. 1972 साली बाजारात आलेली लूना ही कायनेटिकची, आणि कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावरचा. ज्या घरांत सायकलपलीकडे वाहन नव्हते, त्या असंख्य घरांत शिरलेले पहिले इंजिन लूनाचे होते. 2024 मध्ये ती विजेवर चालणाऱ्या रूपात पुन्हा अवतरली. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था इथल्या वाहननगरात आहे. 1994 मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत कितीतरी पोलादी यंत्रे उभी आहेत. मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्याने एकदा तोफेकडे न पाहता रंगाकडे पाहावे. हाताच्या रुंदीएवढ्या जाडीच्या पोलादाला गंज लागला तरी त्याला काही पिढ्यांची उसंत असते. मोटारीच्या पत्र्याची जाडी मात्र जेमतेम एका मिलिमीटरच्या आत-बाहेर. तिथे उसंत नाही, म्हणून रंगाचे मोल तिथे जास्त.

टवका उडतो कसा, हे समजून घ्यायला नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण हा कठीण दगड. त्याचीच खडी रस्त्यावर पडते. डांबर उखडले की ती मोकळी होते आणि पुढच्या ट्रकच्या चाकातून मागच्या गाडीच्या तोंडावर येते. मनमाडकडे, सोलापूरकडे, कल्याणकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने नियमित प्रवास करणाऱ्याला हा टणकन येणारा आवाज परिचयाचा आहे. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ ज्या प्रवरानगरला झाला, तो हाच जिल्हा. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांना चिकटलेला चिखल व खडे मैलभर सांडत जातात. पुढच्या वाहनापासून अंतर राखणे हा यावरचा पहिला उपाय आणि वेग कमी ठेवणे हा दुसरा. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी चाळीस किलोमीटरने जाताना जो खडा रंगाला नुसता स्पर्श करून जातो, तोच ताशी ऐंशीच्या वेगात चौपट जोराने बसतो.

इथली हवा मात्र गाडीला अनुकूल आहे. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर पाऊस बेताचा, हवा कोरडी आणि समुद्र दूर. त्यामुळे कोकणात जो टवका एका पावसाळ्यात गंजून उठतो, तो नगरला दोन-तीन वर्षे नुसता करड्या ठिपक्यासारखा राहू शकतो. हाच अनुकूलपणा फसवाही ठरतो. ठिपका वाढत नाही असे वाटून मालक निश्चिंत होतो आणि पत्र्याखाली काय चालले आहे ते त्याला कळत नाही. मुंबईहून किंवा किनारपट्टीवरून आणलेली जुनी गाडी असेल तर हिशेब अगदीच निराळा. तिने खारी हवा आधीच पोटात घेतलेली असते आणि नगरच्या कोरड्या हवेत ती एकाएकी बरी होत नाही.

रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग विजेच्या साह्याने बसविलेले पहिले अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, मग रंग आणि अलीकडच्या गाड्यांत सर्वांत वर पारदर्शक लॅकर. ही सारी मिळून जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एक-दोन केसांएवढी. अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातील मारुती 800 यांसारख्या गाड्यांच्या साध्या, चमकी नसलेल्या रंगांवर लॅकरचा वेगळा थर सहसा नसे. रंगच वरचा थर. त्या काळच्या पत्र्याला जस्ताचा मुलामाही बहुधा नसे. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर लॅकर नाही. फडके केवळ मळले तर आहे. पांढऱ्या गाडीसाठी फडके गडद घ्यावे, हे सांगायला नकोच.

खडा बसला की या थरांत खड्डा पडतो. पत्रा उघडा पडला तर पाणी आणि प्राणवायू यांच्या संगतीने लोखंडाचे गंजात रूपांतर सुरू होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गंजाने व्यापलेली जागा मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते. म्हणून रंगाखाली शिरलेला गंज रंगाला वर उचलतो आणि फुगा येतो. शिवाय लोखंड सर्वांत आधी झिजते ते जिथे प्राणवायू कमी पोहोचतो तिथे, म्हणजे रंगाच्या उचललेल्या काठाखाली, आडोशाला. बाहेरून ठिपका तीळभर दिसतो आणि आत तो ज्वारीच्या दाण्याएवढा पसरलेला असतो. केवळ वरून रंगाचा थेंब सोडून टवका झाकणारे जे फसतात, ते याच कारणाने. मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते. घरातली पितळी भांडी चिंच-मिठाने उजळविणाऱ्या गृहिणीचा सल्ला म्हणूनच गाडीच्या पत्र्याला लागू करू नये. चिंचेच्या किंवा लिंबाच्या आंबटपणाने गंज सुटेल, पण मागे राहिलेले मीठ पुढच्या वर्षी दुप्पट गंज घेऊन येईल.

आधी पाहणी

दुरुस्तीआधी गाडी शाम्पूने स्वच्छ धुवावी, पुसावी आणि सकाळच्या तिरप्या उन्हात सावकाश पाहावी. बॉनेटची पुढची कड, समोरच्या काचेच्या वरची छपराची कड, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या बाजू, डिकीच्या झाकणाची कड आणि नंबरप्लेटच्या दिव्याभोवतीचा पत्रा ही दुखण्याची ठरलेली ठिकाणे होत. आणखी एक ठिकाण आपल्याकडचे खास आहे. गाडी घेतली की तिची पूजा होते, हार चढतो, आणि तो हार बॉनेटच्या फटीत बारीक तारेने अडकवला जातो. ती तार महिनोन्महिने तशीच राहते आणि वाऱ्याने हलून रंगावर रेघ ओढत राहते. कित्येक गाड्यांचा पहिला गंज त्या शुभदिवशीच्या तारेपाशी सापडतो. हार दोऱ्याने बांधावा आणि संध्याकाळी उतरवावा.

प्रत्येक टवक्याची प्रत ठरवावी. तळाशी करडा किंवा वेगळ्या रंगाचा थर दिसत असेल, तर अस्तर शाबूत आहे. अशा टवक्याला केवळ रंग पुरेसा. तळाशी चकचकीत पत्रा दिसत असेल तर अस्तर आणि रंग दोन्ही. तांबडा ठिपका असेल तर आधी गंज काढणे आले. या तीन प्रती घरी हाताळता येतात. चौथी येत नाही. रंगाखालून फुगा आला असेल, विशेषतः दाराच्या तळाशी किंवा चाकाच्या कमानीवर, तर गंज बहुधा पत्र्याच्या आतल्या बाजूने आलेला असतो. पेचकसाच्या मागच्या बाजूने तिथे हलकेच दाबून पाहावे. पत्रा दबला किंवा कुरकुरला तर तो पत्राकाम करणाऱ्या कारागिराचा विषय आहे.

आधीच्या मालकाने भोक लांबी भरून बुजवले आहे का, हेही तपासावे. मऊ फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. लांबी जाड असेल तिथे ते चिकटत नाही. जुनी गाडी विकत घेताना हा एवढा प्रयोग केला तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आणि मग पायाखालच्या चटया उचलाव्यात. रंगाचा ठिपका डोळ्यांना खुपतो म्हणून त्याकडे लक्ष जाते. पण घरच्या माणसांचा जीव ज्यावर अवलंबून असतो तो पत्रा दिसत नाही. तळाचा पत्रा, जॅक लावण्याची जागा, दाराखालची पेटीसारखी पट्टी, सीटबेल्ट जिथे बोल्टने आवळलेला असतो तो भाग, यांपैकी काहीही गंजून पातळ झाले असेल तर बॉनेटवरचे ठिपके रंगवीत बसणे व्यर्थ आहे. अशा गाडीतून मुलाबाळांना घेऊन हमरस्त्यावर जाऊ नये. आधी ते काम जाणत्या माणसाकडून वेल्डिंग करून पुरे करावे, आणि खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होत असेल तर मोह सोडावा. रंगाची दुरुस्ती ही सांगाडा निरोगी असलेल्या गाडीसाठीच असते.

सामान आणि दिवस

रंगाचा क्रमांक गाडीवरच असतो. इंजिनाच्या कप्प्यातील किंवा दाराच्या खांबावरील पट्टीवर तो कोरलेला किंवा छापलेला आढळतो. त्या क्रमांकाने टच-अपची बाटली मिळते. पण वीस वर्षे उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग कारखान्यातून निघाला तेव्हासारखा राहिलेला नसतो. लाल रंग विशेष फिकटतो, पांढरा पिवळसर होतो. म्हणून शक्य असल्यास पेट्रोलच्या टाकीचे बाहेरचे झाकण काढून रंग मिसळून देणाऱ्या दुकानात न्यावे आणि नजरेने जुळवून घ्यावे. चमकी असलेला रंग थेंबाने लावला की कधीही तंतोतंत जुळत नाही, कारण फवाऱ्याने बसलेले चमकीचे कण जसे आडवे पडतात तसे थेंबात पडत नाहीत. हे आधीच मान्य केले तर नंतर हिरमोड होत नाही.

बाकीचे सामान साधे आहे. पाणीपेपर 400, 600, 1500 आणि 2000 क्रमांकाचा, दाट गंजासाठी 120 चा एखादा तुकडा, लाकडी टूथपिक, औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारे फडके, चिकटपट्टी, हातमोजे, चष्मा आणि चांगला मुखपट्टा. अस्तर म्हणून हार्डवेअरच्या दुकानात हमखास पुढे केला जातो तो रेड ऑक्साइड. लोखंडी फाटकाला आणि खिडकीच्या गजांना तो ठीक. उघड्या पत्र्यावर मोटारीसाठी इपॉक्सीचे किंवा जस्तयुक्त अस्तर अधिक टिकाऊ. गंज काळा पाडणारे रासायनिक द्रावणही मिळते. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असते आणि ते उरल्यासुरल्या गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करते. त्याने गंज खरवडण्याची मेहनत टळते असे मात्र नाही. सुटा गंज काढून टाकल्यावर खड्ड्याच्या तळाशी जो काळसर अंश चिकटून राहतो, त्याच्यासाठी ते आहे. डब्यावर लिहिलेली वेळ आणि नंतर धुवायचे की नाही याची सूचना पाळली नाही तर त्यावर बसवलेले अस्तरच सुटते.

साहित्य घेताना अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. रंगाचे काही ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. नायलॉनचे सहज मिळतात, आणि टवक्याला तर टूथपिकच उत्तम. चमक आणणाऱ्या मेणात मधमाशीचे मेण असू शकते. कार्नोबा हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे मेण आहे, आणि निव्वळ कृत्रिम द्रव्यांची पॉलिशेही आहेत. गाडीच्या तळाला गंजरोधक म्हणून मारतात त्या काही द्रव्यांत मेंढीच्या लोकरीतून काढलेले लॅनोलिन असते. वेष्टनावर ते लिहिलेले असते. वाचण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

कामासाठी कार्तिक ते माघ हे महिने सर्वांत योग्य. हवा कोरडी, ऊन सौम्य. ते हुकले तर अक्षयतृतीयेनंतर आणि चातुर्मासाआधी एखादी सकाळ साधावी, परंतु वैशाखातल्या दुपारी तापलेल्या पत्र्याला हात लावू नये. रंगातील द्रावक क्षणात उडते, वरची साय वाळते आणि आत रंग ओला राहून सुरकुततो. पावसाळ्यात उलट प्रकार. घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो. नगरचा वारा धूळ घेऊन येतो, म्हणून पडवी किंवा बंद अंगण बरे. पण स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ आणि पेटत्या गॅसच्या आसपास नको.

हाताचे काम

धुतलेल्या गाडीवरही मेणाचा आणि तेलाचा अंश राहतो. काही ठिकाणी गाडी चमकावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसण्याची पद्धत आहे. त्यासारखी घातक सवय नाही. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही, आणि डॅशबोर्ड चमकविणाऱ्या सिलिकॉनच्या फवाऱ्याचा अंश राहिला तर रंग माशाच्या डोळ्यांसारखा गोल-गोल फाकतो. टवक्याभोवतीची जागा अल्कोहोलच्या फडक्याने पुसून कोरडी करावी. थिनर वापरू नये. रंगाच्या कारखान्यात त्याला स्थान असेल, पण जुन्या गाडीवर, विशेषतः पुन्हा रंगविलेल्या गाडीवर, थिनरचे बोट लागले की सभोवतालचा रंग मऊ पडून उचलतो आणि तीळभर टवक्याचे रुपयाएवढे दुखणे होते.

गंजलेल्या टवक्याचा काठ आधी मोकळा करायचा. रंगाचा जो काठ सुटला असेल तो टोकदार हत्याराने अलगद उचलून टाकावा. येथे बहुतेकांचा हात थांबतो. चांगला रंग का काढायचा, असे वाटते. पण ज्या रंगाखाली गंज शिरला आहे तो चांगला नसतोच. घट्ट धरलेला रंग लागेपर्यंत काठ मागे न्यावा. मग पाणीपेपरचा तुकडा पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवून तेवढ्याच जागेत फिरवावा, म्हणजे आजूबाजूच्या रंगावर ओरखडे पडत नाहीत. तळाशी पांढरा, स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासायचे. काठ 600 च्या पेपरने इतके सौम्य करायचे की बोट फिरवले असता पायरी लागू नये. धुवावे, वाळवावे, पुन्हा अल्कोहोलने पुसावे आणि त्याच तासाभरात अस्तर लावावे. घासण्याचे काम आज आणि अस्तर उद्या, असे करणाऱ्याने आजचे काम वाया घालवले असे समजावे.

अस्तराचा थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन खड्ड्याच्या मध्ये टेकवावा. तो आपोआप काठापर्यंत पसरतो. बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला जाडा पडतो. अस्तर पातळ हवे, आणि ते डब्यावर सांगितल्याइतके, साधारण एक दिवस, वाळू द्यावे. नंतर रंग. एका दमात खड्डा भरण्याचा मोह अनावर होतो, आणि काम बिघडते ते इथेच. जाड थेंब वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि आठवड्याने मध्ये खळी पडते. तीन-चार पातळ थर द्यावेत, प्रत्येक थरामध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, आणि शेवटचा थर सभोवतालच्या पातळीहून किंचित उंच राहू द्यावा, कारण रंग वाळताना आक्रसतो. लॅकर असलेल्या गाडीवर शेवटी लॅकरचा थेंब द्यावा.

पुढचा टप्पा ऐच्छिक आहे. आठवडाभराने साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या 2000 च्या पेपरने तो उंचवटा समपातळीत आणून मग पॉलिश करता येते. नवख्याने जुन्या गाडीवर हे न केलेले बरे. वीस वर्षांत अनेकदा पॉलिश झालेल्या गाडीवर रंगाचा थर आधीच झिजलेला असतो, आणि कडांवर तर फारच. दोन हात जास्त घासले की अस्तर उघडे पडते. किंचित उंच राहिलेला ठिपका दोन हातांवरून दिसत नाही. घासून पडलेला करडा डाग रस्त्याच्या पलीकडून दिसतो. मेण लावायचे असेल तर महिनाभर थांबावे, नव्या रंगातील द्रावक पुरते उडू द्यावे.

दुकानात मिळणारा रंगाचा फवारा सोपा भासतो, पण टवक्यासाठी तो अयोग्य. तीळभर जागेसाठी वीतभर जागा रंगते आणि काठ कधीच मिसळत नाहीत. दोन भाग एकत्र करून वापरायचे, हार्डनरवाले रंग तर घरी फवारूच नयेत. त्यांतील आयसोसायनेट श्वासातून गेल्यास दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो आणि साधा मुखपट्टा त्याला अडवत नाही. दुसरी काळजी जुन्या रंगाची. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कठोर मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून, आणि तीही घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी. जुन्या मोटारींच्या रंगात शिसे असू शकते हे धरूनच चालावे. पेपर नेहमी पाण्यात भिजवून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. मुलांना दूर ठेवावे, फडके वेगळे धुवावे आणि हात धुतल्याखेरीज घरात काही खाऊ नये.

लूनाची गोष्ट थोडी वेगळी. तिचा पत्रा लहान, पण नळीचा सांगाडा, मडगार्डाची आतली बाजू आणि चाकांच्या तारा ही गंजाची घरे. मडगार्डाच्या आत साचलेली माती ओल धरून ठेवते. ती पाण्याच्या झोताने काढली तरी निम्मे काम होते. क्रोमच्या भागावरचा गंज रंगाने झाकू नये. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून चोळला की वरवरचा तांबेरा बराच निघतो आणि क्रोमवर ओरखडे पडत नाहीत. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या लूनाची टाकी आतून गंजलेली असते. पेट्रोल भरण्याआधी टाकीत टॉर्च मारून पाहावे. आणि टाकीजवळ घासकाम किंवा वेल्डिंग कधीही करू नये, रिकाम्या टाकीतही वाफ असते.

दुरुस्ती टिकवायची तर दोन-तीन बारीक गोष्टी आहेत. दारांच्या तळाशी पाणी निघण्याची छिद्रे असतात. धुळीने ती बुजली की पाणी दारातच साचते आणि पत्रा आतून सडतो. पावसाळ्याआधी ती काडीने मोकळी करावीत. गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन टाकून चार महिने विसरू नये. त्याखाली ओल कोंडते. हवा खेळू देणारे कापडी आच्छादन बरे, तेही गाडी कोरडी असताना. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगाला खातो. तो कोरडा खरवडू नये, ओल्या फडक्याने भिजवून उचलावा.

पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी मोटारीची नोंदणी नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयात न्यावी लागते आणि त्यावेळी गाडी तपासली जाते. नीट राखलेली गाडी तिथे आपली बाजू आपणच मांडते. मूळ रंगच परत लावायचा असेल तर प्रश्न नाही. सगळ्या गाडीचा रंग बदलायचा झाला, तर त्याची नोंद नोंदणी पुस्तकात करून घ्यावी लागते. हौसेने पांढऱ्याची लाल करणाऱ्यांच्या हे ध्यानात राहत नाही.

काम आटोपल्यावर उरलेल्या बाटलीचे झाकण घट्ट लावून ती थंड, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून गाडीचा क्रमांक, रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहावी. पुढच्या वर्षी उसाचा हंगाम सरल्यावर पुन्हा एकदा बॉनेटची कड तिरप्या उन्हात पाहावी लागेल, आणि त्यावेळी ती बाटली कपाटात कोणत्या कप्प्यात आहे हे घरात एकाला तरी ठाऊक असावे.